बेळगावात पोटमाळ्यासह वन बीएचके घेताना

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, शहापूर या भागांत जुनी घरे पाडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली अपार्टमेंटमध्ये अगदी वरच्या मजल्यावर अधूनमधून एक वेगळा फ्लॅट विक्रीला निघतो. एक बेडरूम, हॉल, किचन आणि हॉलच्या कोपऱ्यातून लोखंडी जिन्याने चढून जायचा माळा, अशी त्याची रचना असते. जाहिरातीत त्याला ‘लॉफ्ट अपार्टमेंट’ म्हणतात. आपल्या घरांत पोटमाळा पिढ्यान्‌पिढ्या होता, परंतु तिथे घागरी, भाताची पोती आणि गणपतीची आरास ठेवली जाई. आता त्याच जागेचे स्क्वेअर फुटाच्या दराने पैसे मागितले जातात. एकट्या नोकरदाराला, नवविवाहित जोडप्याला किंवा मुलाच्या कॉलेजासाठी खानापूर-निपाणीहून बेळगावात बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबाला असा फ्लॅट खरोखर सोयीचा पडतो. मात्र डोळ्यांना दिसणारे घर आणि कागदावर असलेले घर एकच आहे का, हा प्रश्न अशा फ्लॅटच्या बाबतीत इतर कुठल्याही घरापेक्षा अधिक नेटाने विचारावा लागतो.

आधी टेप, मग चहा

गेल्या आषाढात दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचा असा एक फ्लॅट मी पाहायला गेलो होतो. दाखवणारा एजंट जिना चढता चढता म्हणाला, ‘काका, वरती दुसरी बेडरूमच समजा की हो.’ वर दिवाण, टेबल-लॅम्प आणि भिंतीवर वारली चित्र अशी मांडणी फार सुबक केली होती. मी खिशातला टेप काढून उंची घेतली, तेव्हा मधोमध पाच फूट आठ इंच आणि भिंतीकडे जेमतेम साडेचार फूट भरली. दिवाणावर बसलेल्या माणसाला खोली मोठी वाटत होती, पण उभे राहणाऱ्याला मान वाकवावी लागत होती. गच्चीच्या स्लॅबला तळहात लावला तर पांढरी भुकटी हाताला लागली आणि ओल्या चुन्याचा वास आला. हाच फ्लॅट एप्रिलमध्ये पाहिला असता तर यांतले काही कळले नसते. वरच्या मजल्याचे घर पाहायचे ते मृगानंतर, निदान दोन दिवसांची झड लागून गेल्यावर, हा नियम मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो आहे.

उंचीचा हिशेब समजून घेतला की बहुतेक भूल उतरते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची साधारणपणे २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, असावी लागते आणि मेझनीन म्हणजे मधल्या मजल्याला किमान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट, उंची लागते. लॉफ्ट या शब्दाचा त्या संहितेतला अर्थ मात्र दीड मीटरपर्यंत उंचीची, केवळ सामान ठेवण्याची जागा एवढाच आहे. खाली नऊ फूट, वर सव्वासात फूट आणि मधल्या स्लॅबचे चार-पाच इंच धरले, तर खरा राहण्याजोगा माळा असलेल्या हॉलची उंची साडेसोळा फुटांच्या आसपास हवी. नेहमीच्या दहा फुटी मजल्यात ते गणित बसणे शक्यच नाही. तेरा-चौदा फुटी हॉलमध्ये माळा काढला असेल, तर खालची किंवा वरची अशी एक जागा हमखास गुदमरलेली असते. स्थानिक उपविधींत आकडे थोडे इकडेतिकडे असू शकतात, म्हणून शेवटचा शब्द महानगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशाचा मानावा. त्या नकाशात माळा मेझनीन म्हणून दाखवला आहे, लॉफ्ट म्हणून दाखवला आहे की मुळीच दाखवलेला नाही, हे शिक्का असलेल्या प्रतीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ब्रोशरमधला रंगीत नकाशा हा मंजूर नकाशा नव्हे.

माळा नंतर घातलेला असेल, तर तो कशावर टेकला आहे हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. आरसीसी कॉलम-बीममध्ये मुळातच धरलेला माळा आणि साडेचार इंची विटेच्या भिंतीत गर्डरची टोके खुपसून वर शहाबादी फरशी टाकलेला माळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात गर्डरच्या टोकाशी भिंतीला तिरपी चीर दिसते, आणि नुकताच रंग दिला असेल तर ती चीर दिसत नाही. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत नेऊन दोन-तीन हजार रुपये खर्च करावेत. आयुष्याची पुंजी घालताना या खर्चाकडे पाहून हात आखडणारी माणसे मला नेहमीच कोड्यात टाकतात.

माळ्याचे पैसे किती

समजा, फ्लॅटचा सुपर बिल्ट-अप एरिया, म्हणजे भिंती आणि जिना-व्हरांड्यासारख्या सामाईक जागेचा वाटा धरलेले क्षेत्र, ६२० स्क्वेअर फूट सांगितला आहे, त्यावर माळ्याचे ११० स्क्वेअर फूट धरून ७३० चा हिशेब केला आहे आणि दर ४,००० रुपये आहे. किंमत होते २९ लाख २० हजार. प्रत्यक्ष भिंतींच्या आतला कार्पेट एरिया मोजला तर तो ४४० स्क्वेअर फूट भरतो. याचा अर्थ पाय ठेवायच्या जागेचा खरा दर ६,६०० रुपयांच्या वर गेला. शेजारच्या गल्लीतील माळा नसलेल्या वन बीएचकेचा दर याच पद्धतीने, कार्पेटवर, काढून मगच तुलना करावी. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर संपदा कायद्यानेही विक्रीचा आधार कार्पेट एरिया हाच ठरवला आहे.

या हिशेबाचा फटका बँकेत बसतो. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम धरत नाही. त्याने ६२० स्क्वेअर फुटांचेच मूल्य लावले तर ते २४ लाख ८० हजार होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते, म्हणजे कर्ज मिळेल २२ लाख ३२ हजार. विक्रेत्याला २९ लाख २० हजार द्यायचे असल्याने ६ लाख ८८ हजार रुपये आपल्या खिशातून उभे करावे लागतील, आणि स्टॅम्प ड्युटी व नोंदणीचा खर्च त्याहून निराळा. अनेक जण विसार देऊन बसतात आणि मग हे आकडे त्यांच्यासमोर येतात. म्हणून विसाराच्या कागदात ‘बँकेने अमुक रकमेचे कर्ज मंजूर न केल्यास विसार परत’ असे वाक्य स्पष्टपणे घालून घ्यावे, आणि विसार चेकने किंवा खात्यातूनच द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका आहे. ‘थोडे ब्लॅकमध्ये द्या की’ या प्रेमळ आग्रहाला हे उत्तर पुरते.

कागद कोणत्या भाषेत आणि कोणत्या राज्यातला

बेळगावच्या जमिनींचा इतिहास त्यांच्या कागदांत उतरलेला आहे. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या उताऱ्यांवर आणि खरेदीखतांवर मराठी आढळते, क्वचित मोडीही आढळते. शहापूर तर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगली संस्थानात होते. नंतरचे कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आहेत. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, त्यामुळे एकाच मिळकतीच्या दोन कागदांवर शहराची दोन नावे दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे ते माणसांच्या नावांतील फरकाला. ‘चव्हाण’ हे आडनाव एका कागदावर इंग्रजीत एका तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि कन्नडमध्ये तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते, आणि आधारवरील नाव यांपैकी एकाशीही जुळत नाही. विक्रेत्याच्या नावात असा फरक असेल तर त्याच्याकडूनच, व्यवहारापूर्वी, प्रतिज्ञापत्र आणि दुरुस्ती करून घ्यावी. खरेदीनंतर त्यासाठी आपल्याला हेलपाटे घालावे लागतात.

कन्नड वाचता येत नसेल तर निदान तीन शब्द ओळखून ठेवावेत. ‘क्रयपत्र’ म्हणजे खरेदीखत, ‘ऋणभार प्रमाणपत्र’ म्हणजे ज्याला आपण सर्रास ईसी म्हणतो ते, मिळकतीवरील व्यवहार आणि कर्जबोज्यांच्या नोंदींचे प्रमाणपत्र, आणि ‘चक्कुबंदी’ म्हणजे चतुःसीमा. चक्कुबंदीत पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के असे लिहून प्रत्येक बाजूला काय आहे ते दिलेले असते. फ्लॅटच्या दारात उभे राहून, मोबाइलवर दिशा पाहून, ते चारही उल्लेख जागेवर ताडून पाहावेत. मी पाहिलेल्या एका मसुद्यात जिना पूर्वेला लिहिला होता आणि प्रत्यक्षात पूर्वेला शेजाऱ्याचे किचन होते. म्हणजे तो मसुदा वास्तविक समोरच्या फ्लॅटचा होता. संपूर्ण मसुदा मात्र कन्नड उत्तम जाणणाऱ्या आपल्या वकिलाकडून ओळीनओळ वाचून घ्यावा. विक्रेत्याने किंवा बिल्डरने सुचवलेला वकील त्याचा असतो, आपला नव्हे. बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो, हेही ध्यानात ठेवावे.

कागदांची मूळ साखळी जमिनीपासून सुरू होते. गावठाणातील व जुन्या पेठांतील जागेला सीटीएस नंबर असतो आणि सिटी सर्व्हेचा उतारा मिळतो. अनगोळ, वडगाव, कणबर्गी अशा एकेकाळच्या शेतवाडीत वाढलेल्या वस्त्यांत सर्व्हे नंबर, आरटीसी म्हणजे पहाणीचा उतारा, बिगरशेतीचा एनए आदेश आणि बुडाने, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाने, मंजूर केलेला लेआउट ही साखळी पाहावी लागते. एनए नसलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत कितीही देखणा माळा असला तरी तिकडे फिरकू नये. जमीन पूर्वी कुळाची, वतनाची किंवा देवस्थान इनामाची होती का, हेही वकिलाला स्पष्ट विचारावे. वडिलोपार्जित घर पाडून बिल्डरशी केलेल्या जॉइंट डेव्हलपमेंट करारात कोणते फ्लॅट मूळ मालकाच्या वाट्याचे आणि कोणते बिल्डरच्या, हे लिहिलेले असते. आपला फ्लॅट ज्याच्या वाट्याचा आहे तोच विकतो आहे ना, आणि त्या घराण्यातील मुलींनीही करारावर सह्या केल्या आहेत ना, हे पाहावे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आहे, आणि बहिणींना न विचारता झालेले व्यवहार पुढे कोर्टात उभे राहतात.

ईसी किमान तीस वर्षांची काढावी. अलीकडच्या नोंदी कावेरी या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या मिळतात, जुन्यांसाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज करावा लागतो. फॉर्म १५ आला तर त्यात नोंदलेला प्रत्येक व्यवहार वाचावा आणि विक्रेत्याने फेडलेल्या कर्जाची मुक्ततेची नोंद त्यात आहे का ते पाहावे. फॉर्म १६ म्हणजे त्या काळात नोंद नाही.

कॅम्प भागाची गोष्ट स्वतंत्र आहे. तिथे महानगरपालिका नसून कॅन्टोन्मेंटची हद्द आहे, आणि ‘ओल्ड ग्रँट’ प्रकारच्या मिळकतीत जमीन केंद्र सरकारच्या मालकीची राहते, धारकाचा हक्क इमारतीपुरता असतो. तिथला व्यवहार जनरल लँड रजिस्टरचा उतारा आणि संरक्षण खात्याच्या डिफेन्स इस्टेट्स कार्यालयाची परवानगी पाहिल्याशिवाय करू नये. खरे सांगायचे तर पहिल्या घरासाठी मी कुणालाही तो मार्ग सुचवणार नाही.

ई-खाते, रेरा आणि पूर्णत्वाचा दाखला

शहरी मिळकतीची नोंदणी करण्यासाठी कर्नाटकात ऑक्टोबर २०२४ पासून ई-खाते, म्हणजे महानगरपालिकेच्या दप्तरातील मिळकतीचा ऑनलाइन उतारा, अनिवार्य झाले आहे. संपूर्ण इमारतीचे नव्हे, तर त्या विशिष्ट फ्लॅटचे, विक्रेत्याच्या नावावरचे ई-खाते मागावे, आणि त्यावरील क्षेत्रफळ मंजूर नकाशाशी व खरेदीखताच्या मसुद्याशी जुळवावे. माळा या तिन्हींपैकी कुठेच नसेल, तर आपण तो कायद्याने विकत घेत नाही; फक्त वापरायला मिळतो आहे. तरीही घ्यायचा असेल तर त्याचे पैसे देऊ नयेत. बी-खात्याच्या, म्हणजे नियमांत न बसणाऱ्या मिळकतींसाठीच्या वेगळ्या नोंदवहीतल्या, मिळकतीला कर भरता येतो, पण त्याने बांधकाम नियमित होत नाही, आणि अनेक बँका तिच्यावर कर्ज द्यायला तयार नसतात.

रेराच्या बाबतीत आपल्याकडे एक मेख आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. जुन्या घराच्या जागेवर उठलेल्या आपल्या बहुतेक इमारतींत सहा किंवा आठ फ्लॅट असतात, आणि आठ हा आकडा योगायोगाने येत नाही. अशा इमारतीत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेण्याचे बंधन किंवा ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी, हे नोंदणीकृत प्रकल्पातले संरक्षण गृहीत धरता येत नाही. तेव्हा त्याच अटी करारात स्वतः लिहून घ्याव्यात. स्लॅबच्या गळतीचा उल्लेख तर नाव घेऊन करावा. नोंदणीकृत प्रकल्प असेल तर कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर त्याचा मंजूर नकाशा आणि जमिनीचे कागद पाहता येतात.

पूर्णत्वाचा दाखला नसलेली इमारत घेऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये असे बजावले, आणि त्यानंतर ‘दाखला मागाहून येईल’ या आश्वासनाला काही अर्थ उरलेला नाही. बांधकामावरची तात्पुरती वीजजोडणी दाखवून वेळ मारून नेली जाते. हेस्कॉम या वीजकंपनीचा कायम मीटर आणि त्याचा आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा जोडणी क्रमांक, मागावा.

पाणी, पाऊस आणि जिना

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येते. काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना २००८ च्या सुमारास सुरू झाली, परंतु शेजारच्या गल्लीत चोवीस तास आणि आपल्या गल्लीत चार दिवसांआड अशी स्थिती या शहरात राहिली आहे. म्हणून ‘इथे पाणी येते का’ असे न विचारता, मे महिन्यात किती दिवसांआड आले आणि टँकर कितीदा मागवला हे खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारावे. त्या एजंटापेक्षा खरे सांगतात. शहापूर-वडगावच्या खालच्या अंगाला, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घर असेल, तर ऑगस्ट २०१९ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी कुठवर आले होते हेही त्यांनाच ठाऊक असते.

वरच्या मजल्यावरचा माळा पावसाळ्यात ओला आणि एप्रिल-मे मध्ये तापलेला असतो. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर दोन्ही त्रास बरेच कमी होतात, मात्र ती शेड मंजूर आहे का आणि गच्चीचा हक्क सामाईक आहे का, हे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदलेल्या घोषणापत्रात, पाहावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला आणि वर घरातला उभा जिना हे गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना झेपणारे नाही. उघडे पार्किंग रेरा कायद्यानुसार सामाईक क्षेत्रात मोडते, तेव्हा त्याचे वेगळे लाख रुपये कुणी मागितले तर ते कोणत्या कागदाच्या आधारे, असे विचारावे.

नोंदणीचा खर्च

कर्नाटकात पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर स्टॅम्प ड्युटी ५ टक्के आहे, त्या ड्युटीवर शहरी भागात १० टक्के सेस आणि २ टक्के अधिभार लागतो, आणि नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून एका टक्क्यावरून २ टक्के झाले आहे. ३० लाखांच्या जुन्या फ्लॅटला म्हणजे १,६८,००० अधिक ६०,०००, मिळून २,२८,००० रुपये लागतात. नव्या फ्लॅटच्या पहिल्या विक्रीला २० लाखांच्या वर ४५ लाखांपर्यंत ड्युटी ३ टक्के असल्याने त्याच किमतीला एकूण १,६०,८०० रुपये पुरतात. खरेदीची रक्कम सरकारी गाइडन्स व्हॅल्यूपेक्षा, म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या किमान किमतीपेक्षा, कमी असेल तर ड्युटी गाइडन्स व्हॅल्यूवर भरावी लागते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर तो १ टक्का, अन्यथा ५ टक्के. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर तो नाही.

नोंदणीच्या दिवशी स्क्रीनवर मजकूर दाखवतात तेव्हा आपले नाव, बापाचे नाव आणि फ्लॅटचा नंबर कन्नडमध्येही बरोबर आहे का, हे कन्नड जाणणाऱ्या साक्षीदाराकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि मगच अंगठा टेकवावा. त्याच आठवड्यात ई-खात्यावर आपले नाव लावण्यासाठी महानगरपालिकेत आणि मीटर नावावर करण्यासाठी हेस्कॉममध्ये अर्ज द्यावा, पोचपावत्या जपाव्यात, अपार्टमेंटच्या असोसिएशनला खरेदीखताची प्रत द्यावी आणि मंजूर नकाशाची शिक्का असलेली एक प्रत, माळ्याच्या मोजमापाच्या चिठ्ठीसह, त्याच फाइलमध्ये लावावी. आपण विकायला काढू तेव्हा टेप घेऊन येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तीच दाखवायची आहे.